तीन पाळ्यांचे घर

(सभासद शिक्षण लेखमाला. विषय : घरातील वृद्धांचे मनःस्वास्थ्य आणि त्यांची सेवा करणाऱ्यांची काळजी)



गळीत हंगामाच्या आरंभी गव्हाणीत मोळी टाकण्याचा मान आपण पुष्कळदा एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला देतो. फेटा बांधतो, हार घालतो, फोटो काढतो. दागिना मोडून किंवा दावणीचे जनावर विकून ज्यांनी शेअरचे पैसे भरले, त्या पिढीचा हा मान रास्तच आहे. पण कार्यक्रम संपतो, फेटा उतरतो आणि म्हातारा वस्तीवर परत जातो. त्यानंतरचे वर्षाचे दिवस त्याचे कसे जातात, हे आपण क्वचित विचारतो. आणि त्या दिवसांत त्याच्या उशापायथ्याशी राबणाऱ्या बाईला तर कोणीच विचारत नाही. आजचा धडा या दोघांचा आहे.

एक घर

वस्तीवरचे एक घर डोळ्यांसमोर आणा. हे घर कोणा एकाचे नाही. चार घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून सांगतो आहोत, तेव्हा कोणी अंगाला लावून घेऊ नये.

म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आयुष्यभर दारे धरली, उसाची भरणी केली, कारखान्याची एक वार्षिक सभा चुकवली नाही. तीन वर्षांपूर्वी म्हातारी गेली. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा पुण्याला कंपनीत आहे. म्हाताऱ्याचा चहा, अंघोळीचे पाणी, पथ्याचे जेवण, गोळ्या आणि रात्रीचे उठणे हे सारे थोरल्या सुनेकडे. शिवाय तिच्या मागे दोन म्हशी, दोन पोरे आणि तोडणी आली की शेतावरची धावपळ आहेच.

मागच्या दिवाळीपासून म्हातारा बोलेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. "मला आता काय करायचंय?" एवढेच म्हणायचा. अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची. मग एक दिवस म्हणू लागला, की पेटीतले पैसे सुनेने काढले. सून म्हणाली, "मामा, मी तुमच्या पेटीला हात बी लावला न्हाई." त्यावर आवाज चढला, शेजारच्या वस्तीवर गेला. मुलगा रानातून आला, त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि बायकोलाच म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाशी कशाला वाद घालतेस?" तिसऱ्या दिवशी सून माहेरी निघून गेली.

गावाने काय म्हटले? सून भांडखोर निघाली. पाव्हण्यांनी काय म्हटले? म्हातारा वयाने चळला. खरे म्हणजे दोन्ही म्हणणी चूक होती. दोन माणसे एकाच घरात, एकाच वेळी थकली होती. एकाचे मन उपासमारीने थकले होते, दुसरीचे अतिश्रमाने.

मनाला काय लागते?

आपल्याकडे समज असा, की म्हाताऱ्याला वेळेवर दोन घास आणि अंगावर धडुते मिळाले म्हणजे सेवा झाली. पोटाला तेवढे पुरते. मनाला आणखी तीन गोष्टी लागतात. काम, मान आणि माणूस.

पहिले, काम. ज्याने साठ वर्षे राबून काढली त्याला "आता तुम्ही नुसते बसा" असे सांगणे म्हणजे आपल्याला वाटते विश्रांती, त्याला वाटते निवृत्तीचा हुकूम. झेपेल असे थोडे काम त्याच्या हाती राहू द्या. वासराला वैरण टाकणे, शेंगा फोडणे, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोचवणे, उसाच्या वजनाच्या पावत्या तारखेवार लावणे. काम लहान असले तरी ते खरे असावे. उगीच मन रमवायला दिलेले काम म्हाताऱ्या माणसाला लगेच ओळखू येते.

दुसरा, मान. लागण कोणत्या जातीची करायची, म्हैस विकायची की ठेवायची, नातीचे स्थळ कसे आहे, हे ठरवताना त्यांना विचारा. त्यांचा सल्ला मानलाच पाहिजे असे नाही. पण विचारले पाहिजे. घरातल्या गोष्टी परक्याच्या तोंडून कळणे हे म्हातारपणातले मोठे दुःख आहे.

तिसरे, माणूस. याबाबतीत आपल्या बागायती भागाची एक खास अडचण आहे. पाटाचे पाणी आले, उपसा योजना झाल्या, ऊस वाढला, तशी आपली घरे गावठाणातून उठून मळ्यात गेली. पिकाच्या राखणीला ते बरे पडले. पण गावात होता तो पार, देवळाची पायरी, भजनाची बैठक आणि जाता-येता "काय आबा, बसलाय का?" म्हणून विचारणारे चार जण, हे सर्व मागे राहिले. तरण्या माणसाला मोटारसायकल आहे, मोबाईल आहे. म्हाताऱ्याला वस्तीपासून गाव दोन किलोमीटर म्हणजे दुसरा मुलूख झाला. चारी बाजूंनी डोक्याएवढा ऊस, आणि मध्ये एक बाज. दिवसभरात त्याच्याशी किती माणसे बोलतात, हे प्रत्येकाने आपापल्या घरी एक दिवस मोजून बघावे.

उपाय खर्चाचा नाही. आठवड्यातून दोनदा, बाजारच्या दिवशी आणि भजनाच्या दिवशी, त्यांना गाडीवर मागे बसवून गावात सोडावे व दोन तासांनी आणावे. राज्य परिवहनच्या गाडीने ७५ वर्षांवरील व्यक्तींना २०२२ सालापासून मोफत प्रवास आहे, त्याचा लाभ घेऊन लेकीकडे, बहिणीकडे जाऊन येऊ द्यावे. आणि रात्री जेवताना त्यांना काही विचारावे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी कशी मिळायची, कोयनेचा भूकंप झाला त्या १९६७ च्या डिसेंबरात तुम्ही कुठे होता, को ४१९ आणि को ७४० उसात फरक काय होता? जुन्या आठवणी सांगताना म्हाताऱ्याचे डोळे कसे उजळतात ते बघा. तीच गोष्ट त्यांनी दहादा सांगितली तर दहादा ऐकावी. आपणही लहानपणी एकच गोष्ट त्यांच्याकडून दहादा ऐकली आहे.

वय कोणते आणि आजार कोणता?

"वय झालं, चालायचंच" या एका वाक्याखाली पुष्कळ आजार झाकले जातात. त्यातले चार ओळखायला शिकू.

(१) कान आणि डोळे. ऐकू कमी आले की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो. दोघे हळू बोलताना दिसले की त्याला वाटते, आपल्याविषयीच चालले आहे. मोतीबिंदू वाढला की पेटीतली नोट हाताखाली असून दिसत नाही, मग चोरीचा संशय येतो. म्हणून संशयी झालेल्या म्हाताऱ्याचे आधी कान आणि डोळे तपासावेत. कानात नुसता मळ साठला असेल तर तोही डॉक्टरांकडून काढून घ्यावा. ऐकू कमी येणे हे पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक मानले जाते, तेव्हा कानाचे यंत्र ही चैन समजू नये.

(२) उदासीनतेचा आजार. याला डॉक्टर नैराश्य म्हणतात. म्हातारी माणसे "माझे मन उदास आहे" असे सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात, अंग दुखते, पोटात गोळा येतो, छातीत धडधडते, झोप नाही, तोंडाला चव नाही. तपासण्या होतात, काही सापडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ भूक, झोप आणि गोडी गेलेली असेल, पहाटे लवकर जाग येत असेल, "मी घरावर भार झालो" असे बोलणे असेल, तर तो स्वभाव समजू नये. हा आजार औषधाने व बोलण्याच्या उपचाराने बरा होऊ शकतो. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या बंद करू नयेत, आणि स्वतःच्या मनाने दुकानातून झोपेच्या गोळ्या तर मुळीच आणू नयेत.

(३) अचानक भ्रम. काल बरा असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, माणसे ओळखेना, रात्रभर कपडे ओढू लागला, तर ते वेडही नव्हे आणि बाहेरचे काही नव्हे. लघवीतील जंतुसंसर्ग, ताप, अंगातील पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे, लघवी तुंबणे, नवीन सुरू केलेले औषध अशी त्याची कारणे असतात. अंगारा-उताऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेत उपचार झाला तर माणूस बहुधा पुन्हा ताळ्यावर येतो.

(४) स्मृतिभ्रंश. हा हळूहळू, महिन्या-वर्षांनी वाढतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयामुळे होते. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे हा आजार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, भारतात साठ वर्षांवरील दर १०० माणसांत सुमारे ७ जणांना हा आजार आहे, म्हणजे अदमासे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. याच्या बऱ्याच प्रकारांना मुळासकट बरे करणारे औषध नाही. पण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा दोष किंवा उदासीनता यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो सुधारू शकतो. म्हणून "आता काय उपाय आहे?" असे म्हणण्यापूर्वी एकदा नीट तपासणी करून घ्यावी.

विसरणाऱ्या माणसाशी कसे बोलावे?

दिवेलागण झाली की काही घरांत एक दृश्य दिसते. ऐंशीची म्हातारी लुगड्याचे बोचके बांधते आणि म्हणते, "मला माहेरी जायाचं हाय, आई वाट बघत असंल." आपण म्हणतो, "अहो आत्या, तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली." म्हातारीला ते मरण त्या क्षणी पहिल्यांदाच कळते. ती रडते, चिडते, दाराकडे धावते. रोज संध्याकाळी तिला नव्याने सुतक घालण्यात काय मतलब?

त्याऐवजी जवळ बसावे, हात हातात घ्यावा आणि म्हणावे, "आईची आठवण आली व्हय? काय करायच्या तुमच्या आई सणाला?" ती बोलू लागते. मग "चला, आधी घोटभर चहा घेऊ" म्हणावे. तिला आधार हवा असतो, आणि माहेर हे त्या आधाराचे नाव असते. खरे-खोटे करण्याच्या वादात आपण जिंकलो तरी घर हरते.

काही नियम पाठ करून ठेवावेत. समोर येऊन, चेहरा दिसेल असे बोलावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "ओळखा बघू मी कोण?" अशी परीक्षा पाव्हण्यांना घेऊ देऊ नये. जेवण, अंघोळ, झोप रोज ठरल्या वेळी असावी. संध्याकाळी दिवे लवकर लावावेत. वस्तीवर विहीर, शेततळे, पाट आणि मोटारीचा स्टार्टर हे धोके असतात. विहिरीला कठडा व जाळी हवी, स्टार्टरच्या पेटीला कुलूप हवे. अशा माणसाच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत गावाचे नाव व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी नेहमी असावी.

एक कुलूप आजच लावा

आता एक अवघड गोष्ट स्पष्टच बोलू. "देवानं आता उचलावं" हे शब्द आपल्याकडे सहज बोलले जातात आणि सहज कानाआड होतात. प्रत्येक वेळी त्यात धोका असतो असे नाही. पण जो माणूस सारखे मरणाचे बोलतो, एकाएकी देणीघेणी आवरू लागतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, जेवण सोडतो, त्याच्याजवळ बसून सरळ विचारावे, "आबा, जिवाचं काही बरं-वाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. विचारल्याने मन मोकळे होते. उत्तर होय आले तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशके व तणनाशके असतात. कुठे खाटेखाली, कुठे देवळीत, कुठे गोठ्याच्या आढ्याला. वाईट विचाराची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी विष नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. म्हणून हा लेख वाचून झाल्यावर दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण औषधांच्या बाटल्या घराबाहेरच्या पेटीत ठेवून कुलूप लावा आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाच्या कमरेला राहू द्या.

सेवा करणारीचे मन

आता सुनेकडे वळू. कधी ती सून असते, कधी लेक, आणि पुष्कळदा स्वतः सत्तरी ओलांडलेली बायको असते, जिची स्वतःची कंबर धरलेली आहे.

सेवेच्या कामाला सुट्टी नाही, पगार नाही आणि शेवटी "बरे झाले" असे म्हणण्याची वेळही बहुधा येत नाही. रात्री तीनदा उठून पहाटे पुन्हा धारा काढायच्या. अंथरूण ओले झाले तर निमूट बदलायचे. आणि पुण्याहून आलेला धाकटा दीर दोन तास बसून म्हणतो, "वहिनी, दादा जरा वाळल्यासारखे दिसतात, नीट खायला घालत जा." हे वाक्य किती खोल लागते, हे ज्या बाईला लागले तिलाच ठाऊक.

मग तिची चिडचिड वाढते. पोरांवर हात उठतो. पाठ-डोके दुखते. बारीकसारीक गोष्टीने रडू येते. कधी मनात विचार येऊन जातो, "सुटतील तर बरं," आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटते. बायांनो, असा विचार मनात आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तो थकव्याचा आवाज आहे. बॉयलरचा दाब वाढला की काटा पुढे जातो, त्याचा काट्यावर राग धरून चालत नाही, दाब कमी करावा लागतो. पण हा काटा घरातल्या बाकीच्यांनी वाचला पाहिजे. तिची झोप महिनोन्महिने मोडलेली असेल, तिला कशातच गोडी वाटत नसेल, तर वर सांगितलेला उदासीनतेचा आजार तिलाही असू शकतो आणि तिलाही डॉक्टर लागतो.

तीन पाळ्या

आपला कारखाना हंगामात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत चालतो. एकाच फिटरने चोवीस तास मिल सांभाळावी, असे कोणत्याही संचालक मंडळाने आजवर ठरवलेले नाही. एखादा आजारी पडला तर बदली कामगार येतो. पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला मिलची हकिगत सांगून जातो. हंगामातही अधूनमधून साफसफाईसाठी मिल थांबवावी लागते, आणि पावसाळ्यात सारी यंत्रे उघडून दुरुस्ती होते. लोखंडाला आपण एवढे जपतो. मग घरातली एक बाई मात्र तीनही पाळ्या, बाराही महिने, बदलीशिवाय आणि दुरुस्तीशिवाय कशी चालेल?

म्हणून सेवेची वाटणी अशी करावी.

(१) एक दिवस सारे घर एकत्र बसवावे. धाकटा भाऊ व बहिणी फोनवर असल्या तरी चालतील. वहीचे एक पान घेऊन दिवसातली सर्व कामे लिहावीत. चहापासून रात्रीच्या उठण्यापर्यंत. यादी साधारण वीस कामांची होते. ती पाहूनच पुष्कळ घरांचे डोळे उघडतात.

(२) प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावे. बापाची अंघोळ व दाढी मुलाने करावी. ते बापालाही सुनेपेक्षा कमी संकोचाचे असते. गोळ्यांची डबी भरणे शाळेत जाणाऱ्या नातवाने लिहून दाखवावे व मोठ्याने तपासावे. रात्रीची पाळी नवरा-बायकोने आलटून पालटून घ्यावी. रानातले बारे आपण वाटून घेतो, मग हे का नाही?

(३) पाळी बदलताना हकिगत द्यावी. काय खाल्ले, झोप लागली का, पोट साफ झाले का, कशाने चिडले. एक लहान वही ठेवावी. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो.

(४) बाहेरगावच्या मुलांचीही पाळी हवी. नुसते पैसे पाठवणे पुरत नाही. रोज ठरल्या वेळी पाच मिनिटांचा फोन म्हाताऱ्याला, आणि आठवड्यातून एक फोन वहिनीला. त्या फोनवर सल्ला देऊ नये. "तुमचं कसं चाललंय?" एवढे विचारावे. दर दोन-तीन महिन्यांनी चार दिवस रजा काढून यावे आणि त्या चार दिवसांत सेवा आपल्या हाती घ्यावी. ज्या लेकीला वडिलांकडे राहायला यायचे आहे तिला मानाने बोलवावे.

(५) सेवा करणारीला आठवड्यातून अर्धा दिवस आणि वर्षातून आठ दिवस सुट्टी ठरवून द्यावी. माहेर, पंढरपूर, बचत गटाची सहल, काही का असेना. ती मागून घ्यावी लागू नये. वाटणीतच लिहून ठेवावी.

(६) तोडणीचे वेळापत्रक धरून आधी सोय करावी. आपला ऊस तुटतो त्या दिवसांत सारे घर फडात असते आणि म्हातारा एकटा राहतो. त्या दिवसांपुरते शेजारच्या वस्तीशी ठरवावे, आज तुमचे माणूस आमच्याकडे, उद्या आमचे तुमच्याकडे. पूर्वी आपण पेरणीला बैलांचा सावड करीत होतो. आता माणसांचा करू.

जमीन, शेअर आणि मनातली भीती

वृद्धांच्या बोलण्यात जी अढी दिसते, तिच्या मुळाशी पुष्कळदा एकच भीती असते. "सह्या केल्या की मला कोण विचारणार?" ही भीती हसण्यावारी नेऊ नये.

शेअर वडिलांच्या हयातीत घाईने नावावर करून घेण्याची गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला वारस नेमून ठेवता येतो आणि तो हयात असेतो सभासद तोच राहतो. जमिनीबाबत मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक समजून घ्यावा. मृत्युपत्र मरणानंतर लागू होते आणि हयातीत बदलता येते. बक्षीसपत्र एकदा नोंदले की सहसा फिरत नाही. तरीही ते करायचे झाल्यास, "देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर" असे दस्तात स्पष्ट लिहावे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा सांगतो, की अशी अट असून सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण तो दस्त रद्दबातल ठरवू शकते. याच कायद्याने आई-वडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करतात.

कायद्याची पायरी चढण्याची वेळ येऊच नये, हे खरे. पण आपल्याला दार आहे एवढे माहीत असले तरी म्हाताऱ्या माणसाचे मन निर्धास्त होते आणि निर्धास्त माणूस गोड बोलतो.

मदत कोठे मिळेल?

मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. तो मोफत आहे, दिवस-रात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. वृद्धाने करावा, तसा सेवा करणारीनेही करावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ भेटतात. तेथे जाणे म्हणजे वेडा ठरणे नव्हे. गुडघ्याला जसा डॉक्टर, तसा मनाला. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेतून रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्याचे कार्ड काढून ठेवावे.

पुन्हा ते घर

आरंभी सांगितलेल्या घरात पुढे काय झाले? मुलाने बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. कानाचे यंत्र आणले. मनाच्या डॉक्टरने उदासीनतेच्या गोळ्या दिल्या. महिन्या-दीड महिन्याने म्हातारा उठून दारात बसू लागला. पेटीतले पैसे धोतराच्या घडीत सापडले.

मुलगा सासुरवाडीला गेला. तेथे सर्वांसमोर बायकोला म्हणाला, "चुकलं माझं. वही घेऊन आलोय. कुठलं काम कुणाचं, ते तूच लिही." सून घरी आली. सर्व काही पहिल्यासारखे झाले असे नाही. म्हातारा अजून अधूनमधून संशय घेतो. सून अजून कधी कधी गोठ्यात जाऊन रडते. पण आता रात्रीची एक पाळी नवऱ्याची आहे, आणि धाकटा दीर महिन्याआड येऊन चार दिवस बापाला अंघोळ घालतो. पहिल्या दिवशी अंघोळ घालून तो ओल्या अंगानेच बाहेर आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही हे रोज करता?"

बंधूंनो, सहकाराचा अर्थ आपल्याला कारखान्याने शिकवला. एकाला न पेलणारे ओझे सर्वांनी मिळून उचलायचे. तो अर्थ उंबऱ्याच्या आतही न्यावा, एवढीच विनंती.

गटचर्चेसाठी प्रश्न

(गट कार्यालयात, महिला मंडळात किंवा घरी जेवणानंतर चर्चा करावी.)

१. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीशी काल दिवसभरात किती माणसे बोलली? कोणत्या विषयावर?

२. तुमच्या घरातील सेवेची किती कामे एकाच माणसाकडे आहेत? त्यांतली कोणती दोन आज दुसऱ्याकडे देता येतील?

३. अचानक आलेला भ्रम आणि हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश यांत फरक कोणता? पहिल्याबाबतीत काय करावे?

४. घरातील कीटकनाशके आत्ता कोठे आहेत? किल्ली कोणाकडे आहे?

५. येत्या तोडणीच्या दिवसांत आपले म्हातारे माणूस कोणाजवळ असेल? शेजारच्या वस्तीशी बोलणे झाले आहे काय?